पॉम्पेई की हर्क्युलेनियम? नेपल्सला एकच मोकळा दिवस असेल तर

इटलीत नेपल्सला निघालेल्या ओळखीच्या कुणाचा फोन आला की विचारणं बहुतेक एकच असतं. हाताशी तीन दिवस. एक काप्री बेटाला नाहीतर अमाल्फीच्या किनाऱ्याला जातो, एक शहरात जातो, उरतो एक. त्या एका दिवसात पॉम्पेई बघावं की हर्क्युलेनियम? व्हेसुव्हियस ज्वालामुखी, त्याचा इ.स. ७९ चा उद्रेक, राखेखाली गेलेली गावं, एवढं विचारणाऱ्याला ठाऊक असतंच. त्याला हवं असतं ते दोन्हीकडे जाऊन आलेल्या माणसाचं मत. मी दोन्हीकडे दोनदा गेलोय. आम्ही जर्मनीत राहतो, त्यामुळे नेपल्स तसं जवळ. पहिल्यांदा गेलो ते मित्रांबरोबर, भर जुलैत. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी मे महिन्यात, गावाहून आई-बाबा आले होते तेव्हा. त्या दुसऱ्या खेपेनं माझ्यापुरता निकाल लावला. तो कसा लागला ते सांगतो.

आधी मूळ फरक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन्ही गावं एकाच डोंगरानं गाडली, पण गाडण्याची तऱ्हा निराळी. त्या दिवशी वारा आग्नेयेकडे वाहत होता आणि पॉम्पेई नेमकं त्या बाजूला. तासन्‌तास तिथे प्युमिसचे हलके, सच्छिद्र खडे आणि राख पडत राहिली. छपरांवर थर चढत गेला आणि त्या वजनानं छपरं आत बसली. तप्त वायू आणि राखेचे लोंढे त्यानंतर आले. शेवटी गाव चार ते सहा मीटर थराखाली गेलं. त्यामुळे घरांच्या वरच्या मजल्यांना फारसा आधार राहिला नाही आणि आज तिथे बहुतेक भिंती खालच्या मजल्याशीच संपतात. हर्क्युलेनियम पडतं डोंगराच्या पश्चिमेला, अगदी पायथ्याशी. दिवसा तिथे फारसं काही पडलंच नाही. रात्री मात्र तप्त लोंढे एकामागून एक थेट गावावर आले आणि सुमारे वीस मीटरचा थर देऊन गेले. तो पुढे दगडासारखा घट्ट झाला. आत उष्णता प्रचंड, पण हवा नाही. आपल्याकडे मातीनं लिंपून कोळशाची भट्टी लावतात, तसंच झालं. लाकूड जळून राख झालं नाही, कोळसा होऊन जागच्या जागी राहिलं. दारं, तुळया, जिने, पलंग, एक पाळणासुद्धा.

आता पॉम्पेईची बाजू. ती मी मनापासून मांडतो, कारण ते ठिकाण खरोखर मोठं आहे. तटाच्या आतलं क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर, त्यातलं दोन तृतीयांश खणून झालंय. म्हणजे एका वेशीतून आत शिरून दुसऱ्या वेशीतून बाहेर पडता येतं, आणि मधे बाजार, देवळं, स्नानगृहं, खाणावळी, थिएटर, सगळं लागतं. फोरमच्या, म्हणजे गावाच्या मुख्य चौकाच्या, दक्षिण टोकाला उभं राहून ज्युपिटरच्या देवळाकडे पाहिलं की तुटक्या खांबांच्या मागे बरोबर मधोमध व्हेसुव्हियस येतो. तो फोटो हजारदा पाहिलेला असला तरी तिथे उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो. पलीकडच्या टोकाला अँफिथिएटर आहे, इ.स.पू. ७० च्या सुमाराचं. टिकून राहिलेल्या दगडी अँफिथिएटरांत हे सर्वांत जुनं मानतात. इ.स. ५९ मध्ये इथे खेळ चालू असताना पॉम्पेईकर आणि शेजारच्या न्युसेरियाचे लोक यांच्यात मारामारी जुंपली, माणसं मेली, आणि रोमनं दहा वर्षं इथल्या खेळांवर बंदी घातली. हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानं लिहून ठेवलंय. त्या पायऱ्यांवर बसून हे वाचलं की गाव जिवंत होतं.

ओट्यात रांजण पुरलेली खाद्यपदार्थांची दुकानं तर कोपऱ्याकोपऱ्यावर. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगवलेल्या. व्हेट्टी बंधूंचं घर बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२३ मध्ये पुन्हा उघडलं, आणि तिथल्या चित्रांचा लाल रंग बघून दोन हजार वर्षांचा हिशेब डोक्यात बसेना. मृतांचे ठसेही इथलेच. राखेत शरीरं कुजून पोकळ्या उरल्या होत्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या पुरातत्त्वज्ञानं त्यांत प्लास्टर ओतायची युक्ती काढली आणि माणसं होती त्या स्थितीत परत उभी राहिली. एका बागेत असे तेरा ठसे ओळीनं आहेत, त्यांत मुलंही. आई तिथे जास्त वेळ थांबली नाही.

ती थांबली बेकरीपाशी. काळ्या लाव्हाच्या दगडाची, डमरूसारखी दिसणारी जाती तिथे एका ओळीत उभी आहेत. वरच्या दगडाला दांडा लावून गाढवाकडून फिरवत. शेजारी विटांची भट्टी, आपल्याकडच्या जुन्या पावभट्टीसारखीच. अशाच एका बेकरीच्या भट्टीत कोळसा झालेले ८१ पाव सापडले होते. आई त्या जात्याच्या पोटाकडे वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “याला टाकी कोण लावत असेल रे?” तिच्या लहानपणी जात्याला टाकी लावणाऱ्या, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खडबडीत करणाऱ्या बायका दारावर यायच्या. गाईडच्या पुस्तकात जात्याची उंची होती, दगड कुठून आणला तेही होतं. टाकीचं कुठे नव्हतं. तो प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहे.

हे सगळं पॉम्पेईत आहे. आणि तरीही.

पॉम्पेईचे रस्ते. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण माझा निर्णय त्यांनीच केला. रस्ते काळ्या लाव्हाच्या मोठमोठ्या दगडांचे आहेत, परातीएवढे, काही पाटाएवढे. कडा वेड्यावाकड्या, वरचा भाग वापरून वापरून गोल आणि गुळगुळीत झालेला. दोन दगडांमधली माती निघून गेलीय, त्यामुळे फटी अशा की बुटाचं टोक सहज आत जातं. त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल खाचा. बाबांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, “चाकोरी चाकोरी म्हणतो आपण, ती ही बघ.” आपण तो शब्द रोज वापरतो, पण दगडात उतरलेली खरी चाकोरी मी तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितली. रस्त्याच्या कडेचे पदपथ उंच. रस्ता ओलांडायला मधे मोठे ठोकळे ठेवलेत, म्हणजे पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी वाहत असताना पाय भिजू नयेत. कल्पना सुंदर आहे. पण दर चौकात चढा, ठोकळ्यावर पाय टाका, उतरा, पुन्हा चढा, असं दिवसभर करायचं.

आईचा उजवा गुडघा गेली काही वर्षं दुखतो. घरी ती रोज सकाळी चालायला जाते, न चुकता, त्यामुळे चालण्याची तिला भीती नाही. पण इथे पहिल्या तासातच तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. डावीकडे कोणाचं घर, उजवीकडे कोणतं देऊळ, मी सांगत होतो आणि ती “हो, हो” म्हणत पुढचा दगड बघत होती. बाबांनी तिचा हात धरला, मग बाबांचीही मान खाली. मी मागून चालत होतो. त्या दोघांचं लक्ष कुठल्या फटीत पाय जाईल याकडे, माझं त्या दोघांच्या पायांकडे. दुपारी बारानंतर सावलीही सरली. छपरं नसलेल्या भिंती माथ्यावरच्या उन्हात सावली देत नाहीत आणि मोठी झाडं मोजकीच. मे महिनाच होता. जुलैत काय होतं ते मला आठवत होतं.

रात्री जेवताना मी विचारलं, काय आवडलं? आईनं बेकरी सांगितली, आणि मग बराच वेळ रस्त्याचं सांगत राहिली. कुठला दगड हलत होता, कुठे उतार होता, कुठल्या चौकात ठोकळे फार लांब लांब होते. तिनं तक्रार केली नाही. तिला दिसलं ते तिनं सांगितलं. आणि मला एकदम जाणवलं की माझ्या पहिल्या खेपेच्या आठवणीही अशाच आहेत. गुडघे धड असताना, तिशीच्या आत असतानाही मला पॉम्पेई म्हटलं की आधी तो रस्ता आठवतो, मग बाकीचं. इतक्या लांब जाऊन आम्ही दिवसभर जमीन बघितली होती.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. अँफिथिएटरच्या बाजूच्या दारानं आत गेलं तर व्हीलचेअर आणि बाबागाडी जाऊ शकेल असा एक सपाट मार्ग आखलेला आहे, तीन किलोमीटरहून लांब. आम्ही समुद्राकडच्या पोर्ता मरीना वेशीनं, म्हणजे चढाच्या बाजूनं शिरलो होतो, आणि हा मार्ग आम्हाला उशिरा कळला. तो आधी माहीत असता तर आईचा दिवस बरा गेला असता. पण त्या वाटेवरून सगळीकडे जाता येत नाही. बाजूची गल्ली लागली की पुन्हा तेच दगड.

मधे एक दिवस नुसता आराम केला. तिसऱ्या दिवशी हर्क्युलेनियम.

एर्कोलानो स्काव्ही स्टेशनला उतरलं की समुद्राच्या दिशेनं सरळ उताराचा रस्ता, दहा मिनिटांचा. दोन्ही बाजूंना दुकानं, फळवाले, गॅरेज. ऐतिहासिक काही जवळ आहे असं वाटतही नाही. कमानीतून आत गेलं की डाव्या-उजव्या बाजूला एकदम खोल काहीतरी दिसतं. विहिरीच्या काठावरून डोकावावं तसं आपण काठावर उभे आणि खाली अख्खं गाव. तेही छपरं, माड्या, सज्जे यांसकट. पलीकडच्या काठावर आजच्या एर्कोलानोच्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. हे गाव सापडलंही विहीर खणतानाच. १७०९ मध्ये विहीर खणणाऱ्यांना संगमरवर लागला आणि ते निघालं जुनं थिएटर. पद्धतशीर खोदकाम १७३८ मध्ये सुरू झालं, म्हणजे पॉम्पेईच्या दहा वर्षं आधी. बाबा कठड्याला धरून बराच वेळ नुसते बघत राहिले. तिथे काठावर पाच मिनिटं उभं राहिलं की वीस मीटर म्हणजे किती हे वाचून नाही, बघून कळतं.

खाली उतरलं की आधी जुना किनारा. इथे समुद्र होता. आता तो कितीतरी लांब गेलाय, कारण उद्रेकानंच जमीन पुढे सरकवली. किनाऱ्यालगत दगडी कमानींची कोठारं आहेत, होड्या ठेवायची. १९८० पर्यंत समजूत अशी होती की हर्क्युलेनियमचे लोक वेळेत पळाले, कारण गावात सांगाडे फार थोडे सापडले होते. मग ही कोठारं उघडली आणि आत सुमारे तीनशे माणसं निघाली. होडीची वाट बघत थांबलेली. आता तिथे दिसतात त्या प्रतिकृती आहेत, पण माणसं जशी एकमेकांना बिलगून पडली होती तशाच मांडलेल्या. २०२४ पासून त्या किनाऱ्यावर उतरून चालता येतं. मुलं बरोबर असतील तर आधी थोडं सांगून ठेवा.

आणि मग गल्ल्या. रस्ते इथेही दगडी आहेत, फूटपाथही आहेत, पण चाकांच्या खाचा जवळजवळ नाहीत. गाव लहान, समुद्राकडे उतरणारं, गाड्यांची वर्दळ कमी असावी. दगड बऱ्यापैकी एका पातळीत. आई पहिली वीस पावलं सवयीनं खाली बघत चालली आणि मग मान वर केली. वर सज्जा होता. विटांच्या खांबांवर तोललेला, रस्त्यावर पुढे आलेला, लाकडी तुळयांचा. खाली सावली. ती सावलीत उभी राहिली, वर बघितलं, आणि म्हणाली, “अरे, ही तर माडी आहे.”

ते घर तिथल्या गरिबांचं. लाकडाची चौकट उभी करून मधल्या जागा दगडगोटे आणि चुन्यानं भरलेल्या, आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचीच जात. स्वस्त, झटपट, आणि आगीला घाबरणारी. रोमन लोक असली घरं बांधत हे लिहिलेलं होतं, पण उभं असलेलं घर बघायला मिळतं ते इथे, कारण इतर ठिकाणी लाकूड टिकलं नाही. त्यात एकाहून जास्त बिऱ्हाडं राहत असावीत. वर जायला वेगळा जिना आहे. एका मालकाच्या दोन-तीन भाडेकरूंची घरं कशी असतात ते आपल्याला सांगावं लागत नाही.

त्याच गल्लीत पुढे लाकडी पडदीचं घर. माझ्या मते नेपल्सच्या सगळ्या परिसरात एकच खोली बघायची असेल तर ही बघावी. आत शिरलं की चौक, मधे पावसाचं पाणी साठवायचा उथळ हौद, वर उघडं छप्पर. आपल्या वाड्याचा चौक डोळ्यांपुढे आणा, झालं. चौकाच्या पलीकडे मालकाची बैठकीची खोली, आणि दोन्हींच्या मधे घडीच्या दारांची लाकडी पडदी. दोन हजार वर्षांपूर्वीची, कोळशासारखी काळी झालेली, काचेआड. बाबा काचेजवळ गेले. लाकडावर चौकटी कोरल्यात त्या स्पष्ट दिसतात, आणि दिवे अडकवायचे ब्राँझचे आकडे अजून तिथेच आहेत, होडीच्या नाळेच्या आकाराचे. संध्याकाळी ही दारं ओढून घेत असतील, दिवा या आकड्याला लावत असतील. बाबा म्हणाले, “आपल्या जुन्या घरी माजघराला अशीच पडदी होती. पाहुणे आले की ओढायची.” ते घर पाडून मला वाटतं पंचवीस वर्षं झाली. त्याबद्दल बाबा कधी फारसं बोलत नाहीत. त्या दिवशी हर्क्युलेनियमच्या त्या चौकात उभं राहून त्यांनी मला ओसरी कुठे होती, बळद कुठे होतं, पावसाळ्यात धाबं कुठे गळायचं, सगळं सांगितलं.

नेपच्यून आणि अँफिट्रीटीच्या घराला लागून एक दुकान आहे. भिंतीला लावलेली लाकडी मांडणी, त्यावर आडवे ठेवलेले मद्याचे उभट मडके, तसेच्या तसे. दुकानदार आत्ताच उठून गेलाय असं वाटतं. मागच्या घरातलं निळं-हिरवं मोझाइक देखणं आहे, सगळ्या पुस्तकांत असतं. मला ती मांडणी जास्त आवडली.

आता हर्क्युलेनियमचं उणं. ते लहान आहे. अंदाजे वीस हेक्टरांच्या गावातलं जेमतेम चार-साडेचार हेक्टर मोकळं झालंय, बाकी आजच्या शहराखाली. फोरम बहुतांशी दिसत नाही. थिएटर जमिनीखालीच आहे. अठराशेहून अधिक कोळसा झालेली पपायरसची, म्हणजे त्या काळच्या कागदाची, गुंडाळी ज्यात सापडली ते प्रसिद्ध घरही जवळपास सगळं गाडलेलंच आहे. (ती गुंडाळी न उलगडता क्ष-किरणं आणि संगणकानं वाचायला सुरुवात झालीय, २०२३ पासून शब्द हाती येऊ लागलेत. मला तरी या सगळ्या परिसरातली ही सर्वांत उत्कंठेची गोष्ट वाटते.) भव्य देवळं, मोठा चौक, मागे डोंगर, असं काही इथे नाही. पहिल्या खेपेला माझा एक मित्र अडीच तासांत बाहेर आला आणि म्हणाला, “एवढंच?” त्याचं चूक नव्हतं. त्याला रोमन शहर बघायचं होतं. मला, हे नंतर कळलं, रोमन माणसाचं घर बघायचं होतं. कुणाला काय हवंय त्यावर बरंच अवलंबून आहे.

पण लहान असण्याचा एक मोठा फायदा फार लोक धरत नाहीत. तुम्ही पॉम्पेई बघा की हर्क्युलेनियम, तिथे सापडलेल्या उत्तम वस्तूंचा मोठा भाग नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पॉम्पेईतल्या फॉनच्या घरात जमिनीवर दिसतं ते अलेक्झांडरचं मोझाइक नक्कल आहे. १८३१ मध्ये सापडलेलं मूळ शहरात. हर्क्युलेनियमजवळच्या त्या पपायरसच्या घरातले ब्राँझचे पुतळेही शहरात. धावण्याच्या शर्यतीतली दोन मुलं आहेत त्यांत, डोळे असे रोखलेले की आपण बाजूला सरकतो. म्हणजे संग्रहालयाशिवाय दोन्हीपैकी एकही ठिकाण पुरं होत नाही. हर्क्युलेनियम सकाळी उरकून, जेवून, दुपारी संग्रहालय आरामात होतं. पॉम्पेई नीट बघितल्यावर संग्रहालयात उभं राहण्याची ताकद पायांत उरत नाही, निदान आमच्या पायांत उरली नाही. मंगळवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.

संग्रहालयात एक दालन वेगळं ठेवलंय, कामुक चित्रं आणि मूर्तींचं. आई-वडिलांबरोबर तिथे जायचं की नाही, हा विचार मी करत होतो. पण तिथेच ती आहे, म्हणून बाबांना घेऊन गेलो. हस्तिदंताची, वीतभराहून जरा उंच बाई. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जड वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. पाठीमागे केसांची नक्षीदार वेणी. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. पूर्वी तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय. ती भारतात घडली यात शंका नाही. कुठे घडली यावर मतं वेगवेगळी आहेत, पण तिच्याशी साम्य असलेल्या लहान हस्तिदंती मूर्ती जालन्याजवळच्या भोकरदनला सापडल्यात आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही.

आमचं गाव तेरपासून फार लांब नाही. बाबा दरवर्षी गोरोबाकाकांच्या दर्शनाला जातात आणि देवळातून निघाले की रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाच्या वस्तुसंग्रहालयात एक फेरी मारतात, लहानपणापासूनची सवय. काचेपुढे ते वाकून उभे राहिले. मग मला हळू आवाजात म्हणाले, “ही आपल्या तेरची वाटते.” मी अभ्यासकांचं मत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. “असेल. पण चेहरा बघ.”

तेरचं जुनं नाव तगर. ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात ते येतं. पैठण आणि तगरहून माल गाड्यांत भरून भरूचच्या बंदराला जायचा, तगरचं कापड त्यात असायचं. आणि हाच व्यापार डोळ्यांत खुपणारा एक माणूस होता, रोमन लेखक थोरला प्लिनी. भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, असं त्यानं लिहिलं. तो नेपल्सच्या उपसागरातल्या आरमाराचा प्रमुख होता, आणि व्हेसुव्हियस फुटला तेव्हा लोकांना वाचवायला गलबतं घेऊन निघाला तो परत आलाच नाही. हे मी बाबांना तिथे उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी परत एकदा त्या बाईकडे बघितलं.

ती सापडली पॉम्पेईत, हे मान्य. त्यामुळे पॉम्पेईला जायला माझी ना नाही. पूर्ण दिवस हाताशी असेल, पाय धड असतील, ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान जात असाल, आणि एकदा तरी अख्खं रोमन शहर पायाखाली घालायचं असेल, तर जरूर जा, सकाळी दार उघडायच्या वेळेला. आता रोज वीस हजार माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं, त्यामुळे आधी काढून ठेवा. शाळकरी मुलांना ज्वालामुखीचं वेड असतं, त्यांना ते ठसे आणि ते अँफिथिएटर आयुष्यभर आठवेल. इतिहास शिकवणाऱ्यांना तर मी पॉम्पेईच सांगेन. दोन्ही एका दिवसात मात्र कृपा करून करू नका. आम्ही पहिल्या खेपेला केलं होतं. संध्याकाळी कुठलं घर कुठल्या गावातलं हे आम्हाला सांगता येईना.

पण बरोबर साठीच्या पुढची माणसं असतील, उन्हाळा असेल, किंवा एकच दिवस असेल आणि त्यातच संग्रहालयही बसवायचं असेल, तर माझं मत हर्क्युलेनियम. मला स्वतःला पुन्हा एकदा जायची संधी मिळाली तर मी दुसरीकडे बघणारही नाही. कुणाला हे पटणार नाही, आणि मी ते समजू शकतो. फोरममागच्या त्या डोंगराला खरंच तोड नाही.

जाणार असाल तर नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनच्या जमिनीखालच्या मजल्यावरून सोरेंतोकडे जाणारी लोकल पकडा. एर्कोलानोला वीस मिनिटं लागतात, पॉम्पेईला त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्त. पाण्याची बाटली आणि टोपी घ्या. किनाऱ्यापासून सुरुवात करून वर या, म्हणजे ऊन चढेल तेव्हा तुम्ही सज्ज्यांच्या गल्लीत असाल. शहरात परतून जेवायला मरिनारा पिझ्झा मागा, टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाही. बाबांना तोच सोसला. आणि स्टेशनवरून येताना जो उतार लागला तोच परतताना चढ होतो, हे लक्षात ठेवून वेळ धरा. आई तो चढ सावकाश चढली. मधे एका गाडीवर लिंबाचा बर्फगोळा मिळत होता, तिथे थांबली, आणि खाता खाता समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या मोजत राहिली, कुठली लाकडाची आणि कुठली लोखंडाची.